जोडीच्या तारा

तंबोऱ्याला चार तारा असतात आणि त्यांपैकीं मधल्या दोन एकच स्वर बोलतात. गाणारांच्या ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें त्यांना वाटत नाहीं. परंतु ज्यानें उभा संसार हिशेबाच्या वहीवर केला आहे अशा एखाद्या व्यवहारी गृहस्थापुढें तंबोरा आडवा ठेवावा व ही व्यवस्था समजावून सांगावी. तो पहिला प्रश्न हाच करील कीं, षड्ज सांगावयास एक तार समर्थ असतां दुसरीचा खर्च कशासाठीं? प्रश्न टाकाऊ नाहीं. पंचमाचें एका तारेवर भागतें, खर्जाचें भागतें. मग मधल्या षड्जानेंच असें काय पुण्य केलें आहे कीं त्याच्या दिमतीस दोन दोन तारा असाव्यात? कोणी म्हणेल, आवाज मोठा व्हावा म्हणून. पण मोठ्या आवाजाविषयीं तंबोऱ्याची ख्याति कधींच नव्हती, आणि तो तसा असावा अशी गवयाचीही इच्छा नसते. आम्हांस हा प्रश्न लहानपणापासून सतावीत आला आहे. संगीतशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. मनमाडासारख्या आगगाड्यांच्या गांवीं, तंबोरा असलेल्या एका घरांत जन्म काढला आणि तो लावला जात असतां ऐकला, एवढीच आमची पुंजी. त्या पुंजीवर प्रश्नाचें थोडेंफार उत्तर उमगूं लागलें आहे तें अलीकडे घरांत उभ्या राहिलेल्या एका अडचणीमुळें. ती अडचण पुढें सांगूं.

ज्यांच्या मांडीवर तंबोरा कधीं आला नाहीं अशा वाचकांसाठीं आधीं तारांची मांडणी. स्त्रीच्या गळ्यासाठीं जुळविलेला तंबोरा घेऊं व षड्ज काळी चार धरूं. जोडीच्या तारा तेव्हां एका सेकंदांत सुमारें २०८ आंदोलनें करतात. शेवटची, खर्जाची तार बरोबर निम्मीं, म्हणजे १०४. आणि पहिली, पंचमाची, १५६. हे तिन्ही आंकडे ५२ नें भागले कीं दोन, तीन व चार असे सुटसुटीत अंक उरतात, आणि तंबोऱ्याचें सारें माधुर्य या तीन अंकांच्या सलोख्यांत आहे. पहिल्या तीन तारा पोलादाच्या, चौथी पितळेची. चौघींची लांबी एकच; तेव्हां खालचा स्वर हवा तर तार एक तर सैल सोडावी लागते, नाहीं तर जड घ्यावी लागते. सैल तार नुसती फडफडते, म्हणून खर्जाला जाड आणि पोलादाहून वजनदार अशा पितळेची योजना. रागांत पंचम वर्ज्य असला, जसा मालकंसांत, तर पहिली तार मध्यमावर उतरवितात; मारवा-पूरियासाठीं तीच निषादावर चढवितात. पांच व सहा तारांचेही तंबोरे आहेत. पहिली तार अशी रागागणिक बिऱ्हाड बदलते. जोडीच्या तारा मात्र जेथल्या तेथें.

आतां एकट्या तारेचें पाहूं. एका तारेचीं वाद्यें आपल्याकडे कमी नाहींत. शाहिराच्या मागें उभें राहून 'जी जी' म्हणणाऱ्या साथीदाराच्या हातांत तुणतुणें असतें तें एका तारेचें. भजनी बुवांची एकतारी नांवाप्रमाणेंच एका तारेची. तुणतुण्याची खुंटी शाहिराच्या गळ्याला मानवेल तेथें आणून ठेवली कीं तेथून पहांटेपर्यंत तोच स्वर खरा. तार मध्यरात्रीं थोडी उतरली तर गळाही तिच्याबरोबर नकळत उतरतो आणि पोवाडा आपला चालूच राहतो. ऐकणारास त्यांत कांहीं उणें वाटत नाहीं. कारण एकटी तार बेसूर होऊं शकत नाहीं. बेसूर होण्यास दुसरें कोणीतरी लागतें. कोर्टांत एकच साक्षीदार असला कीं त्याची जबानी मुकाट्यानें लिहून घेतात. दुसरा उभा राहिला म्हणजे दोघांच्या बोलण्यांतील तफावत दिसूं लागते. पंचम व खर्ज हेही षड्जाचे साक्षीदारच, पण ते निराळ्या प्रसंगाबद्दल बोलतात. जोडीच्या तारा एकाच प्रसंगाबद्दल अक्षरशः एकच जबानी देण्यास बांधलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यांतला एका अक्षराचा फरकही लपत नाहीं.

आमची थोरली बहीण अक्का या फरकाला 'हेलकावा' म्हणते. एक तार २०८ आणि दुसरी २०९ आंदोलनें करीत असली, तर दोघींचा मिळून निघणारा नाद सेकंदाला एकदां फुगतो व एकदां ओसरतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत यास विस्पंद म्हणतात. आम्हांस अक्काचा शब्द अधिक आवडतो. फरक दोन आंदोलनांचा असेल तर हेलकावे सेकंदाला दोन. खुंटी किंचित् पिळावी, खालचा मणी केंसभर सरकवावा, तों हेलकावे लांबत जातात, आणि एका क्षणीं नाद वारा पडलेल्या तळ्यासारखा स्थिर होतो. यांत मौज अशी कीं, हा खेळ ओळखण्यास स्वरज्ञान लागत नाहीं. षड्ज म्हणजे काय हें ज्याला ठाऊक नाहीं असा मुलगाही हेलकावा थांबला कीं नाहीं तें सांगतो. एकट्या तारेचा स्वर खरा कीं खोटा हें ठरविण्यास पूर्वींच्या स्वराची आठवण लागते, आणि आठवण हें फसवें माप आहे. जोडीला आठवणीची गरज नाहीं. तिचें माप तिच्या शेजारींच वाजत असतें. आमच्या व्यवहारी गृहस्थास सांगावें कीं, बाबा रे, ही दुसरी तार गाण्यासाठीं नाहीं, ती हिशेबतपासनीस आहे.

पण एवढ्यानें भागत नाहीं. फरक एका आंदोलनाचाही नसून त्याच्या दशांशाचा असला तर? मग हेलकावा दहा सेकंदांनीं एकदां येणार, आणि तोंपर्यंत तर छेडलेल्या तारेचा नाद विरून जाऊन बोट पुन्हां तिच्यावर येतें. असला फरक कोणाच्या ध्यानांत यावा? तरीही तो चांगल्या कानाला कळतो, आणि त्याचें रहस्य जवारींत आहे. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद व अगदीं नकळत गोलाई दिलेला असतो. त्या माथ्यावर तारेखालीं सुताचा वा रेशमाचा एक दोरा सरकवून तार अशा जागीं आणतात कीं, कंप पावतांना ती माथ्याला किंचित् घांसत राहावी. या घांसण्यानें एका स्वरांतून अनेक उपस्वर उठतात: दुप्पट आंदोलनांचा, तिप्पट, चौपट, असे वर वर चढत जाणारे. आतां मघांच्या दोन तारा घ्या, एक २०८ ची, दुसरी २०८ आणि वर एक दशांशाची. त्यांचे दहापट उपस्वर २०८० आणि २०८१ चे झाले, म्हणजे तेथें हेलकावा सेकंदाला एक! मूळ स्वरांत जो दोष दिसत नव्हता तो वरच्या मजल्यावर दहापट मोठा होऊन दिसला. जवारी म्हणजे गाण्याला चढविलेला साज अशी आमची जुनी समजूत. परंतु लावणाराच्या दृष्टीनें ती भिंग आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशावरील संशोधनासाठीं, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधीं, १९२१ सालीं, त्यांनीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहिला होता, हें फारसें ठाऊक नसतें. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वराची गांठ पडते तो उपस्वर उठत नाहीं, असा युरोपांतील शास्त्रज्ञांचा नियम. आमच्या वाद्यांच्या घोडीवर तो नियम टिकत नाहीं असें रामन् यांनीं दाखविलें. खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गांधार ऐकूं येतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तोही याच कुळांतला: १०४ ची पांचपट ५२०, आणि तोच वरच्या सप्तकांतला गांधार.

येथें वाचक विचारील कीं, जोड इतकी गुणाची आहे तर प्रत्येक वाद्यांत प्रत्येक स्वराला जोड कां नसावी? पुष्कळ वाद्यांत ती आहेच. मँडोलिनाला आठ तारा, त्या चार जोड्यांनीं बांधलेल्या आणि व्हायोलिनच्या चार तारांप्रमाणें लावलेल्या. अरबांचें ऊद व त्याचा युरोपांतला वंशज ल्यूट हीं वाद्यें जोड्यांचींच. बारा तारांच्या गिटारींत बारीक तारांच्या दोन जोड्या समस्वरांत असतात, तर उरलेल्या चार जोड्यांत एक तार दुसरीहून सप्तकानें उंच. पण हीं सारीं वाद्यें स्वरावर बोट ठेवून तो स्वच्छ वाजवून पुढें जाणारीं. आमच्या संगीताला स्वर नुसता वाजवून चालत नाहीं, तो ओढावा लागतो. सतारीवर बाजाची तार पडद्यावरून आडवी खेंचून तीन-तीन चार-चार स्वरांची मींड काढतात. तेथें दोन तारा असत्या तर दोन्ही एकाच बोटानें सारख्या ताणल्या जाणें अशक्य. निघतां निघतांच दोघींचें भांडण जुंपलें असतें. म्हणून बाजाची तार एकटी. तिच्या शेजारच्या षड्जाच्या तारेला मात्र 'जोड' असें नांव आहे, आणि आज ती बहुतेक सतारींवर एकच असली तरी पूर्वीं तेथें खरोखरच दोन तारा असत. माणूस गेलें तरी दारावरची पाटी राहावी तसें तें नांव राहिलें. दक्षिणेंत उप्पलपु श्रीनिवास यांनीं (१९६९-२०१४) मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजविण्यास घेतलें तेव्हां त्यांच्याही वाटेंत हीच धोंड आली. जोड्यांवर गमक निघेना, म्हणून चार जोड्या मोडून पांच एकेरी तारांचें विजेचें मँडोलिन त्यांनीं हातीं धरलें. जो स्वर हलावयाचा तो एकेरी, जो हलावयाचा नाहीं तो दुहेरी, असा कांहींसा कायदा आम्हांस यांत दिसतो. सतारीच्या तरफांना कोणत्या कलमांत बसवावें हें मात्र आम्हांस नीट सांगतां येत नाहीं. पडद्यांच्या खालीं अकरा-तेरा तारा रागाच्या स्वरांत लावून ठेवलेल्या, बोट त्यांना लागत नाहीं, आणि वरती आपला स्वर उच्चारला गेला कीं त्या आपणहून हुंकार देतात. एकत्र कुटुंबांत अशा आत्याबाई असत.

आतां आमच्या घराकडे वळूं. तंबोरा आमच्याकडे आला १९६५ सालीं. आमचे तीर्थरूप मनमाडास रेल्वेच्या कारखान्यांत होते. तेथें पुलांचें लोखंडी काम होतें. रिव्हेट पक्की बसली कीं नाहीं हें हातोडीच्या टोल्याच्या आवाजावरून ओळखण्याची त्यांना संवय, आणि ती संवय ते घरींही आणीत. मडकें, परात, शेजाऱ्याची नवी खुर्ची, कशावरही टिचकी मारल्यावांचून त्यांना चैन पडत नसे. अक्का तेव्हां अठरा वर्षांची. तिचें गाणें पेटीवर चाललें होतें. पेटीवर गळा निबर होतो असें कोणीसें त्यांना सांगितलें आणि ते चार दिवसांची रजा काढून मिरजेस गेले. मिरजेंतील वाद्यें घडविण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगारांनीं शस्त्रांचे दिवस सरल्यावर सतारी व तंबोरे हातीं घेतले. फरीदसाहेबांचें नांव त्यांत प्रथम घेतात. भीमेच्या कांठचे कडू भोपळे तेथें वाळून येतात, त्यांवर तुणीच्या लांकडाची दांडी व तबली चढते. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां वर्तमानपत्रांतलें तें कात्रण अक्कानें गवसणीच्या खिशांत ठेवलें. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेंतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, पुढें आमच्या नाशकास येऊन राहिले, आणि १९३१ सालीं मिरजेंतच वारले. आमच्यासारख्या कारकुनी घरांतल्या मुलींच्या मांडीवर तंबोरा आला तो पुष्कळ अंशीं या पुरुषाच्या खटपटीमुळें. तीर्थरूपांनीं तंबोरा रजईंत गुंडाळून आणला. मिरजेहून पुण्यापर्यंतचे रूळ तेव्हां मीटर गेजचे. पुण्यास गाडी बदलली, दौंडास पुन्हां बदलली, आणि सारा वेळ त्यांनीं तंबोरा कडेवर मूल घ्यावें तसा धरला होता असें आई सांगे. आतां कोल्हापुराहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेस बसलेल्या माणसास थेट मनमाडास आणून सोडते.

अक्काचें सासर मनमाडांतच, दोन गल्ल्या पलीकडे. तंबोरा मात्र माहेरींच राहिला, आणि विशारद झाल्यावर अक्का तेथेंच येऊन मुलींना शिकवूं लागली. मनमाडची हवा तंबोऱ्याला फार मानवते असें नाहीं. उन्हाळ्यांत पाण्याच्या हंड्यांची रांग आणि खुंट्यांचें घसरणें हीं आमच्याकडे बरोबरच सुरू होत; लांकूड सुकतें, खुंटी भोंकांत सैल होते, आणि अक्का तिला खडू फांसून बसविते. पावसाळ्यांत तीच खुंटी फुगून बसते व पिळतां पिळत नाहीं. शिवाय गाड्या. स्टेशनावरची शिटी तंबोऱ्याच्या स्वरांत कधींच नसते. लहानपणीं आम्ही पाहत असूं, अक्का जोड मिळवीत आलेली असावी, हेलकावा आतां थांबणार, आणि इतक्यांत मालगाडी यावी. ती डोळे मिटून बसे. गाडीचा शेवटचा डबा अंकाई-टंकाईच्या दिशेला दूर जाईपर्यंत खुंटीवरचा हात तसाच. आणि मग जेथें सोडलें तेथून पुढें. आम्हांस घाई असे, कारण तंबोरा लागल्याशिवाय चहा होत नसे.

ही अक्का आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या कानांनीं वरचे मजले सोडून दिले आहेत. वार्धक्यांत कान प्रथम उंच आंदोलनांना मुकतो. बोलणें ऐकूं येतें, पण चिमण्यांचा चिवचिवाट ऐकूं येत नाहीं. आणि वर सांगितल्याप्रमाणें जोडीचा शेवटचा, केंसाएवढा फरक दिसतो तो वरच्या मजल्यावरच. खर्जाची तार तिला पूर्वींसारखी ऐकूं येते. जोड ती जवळपास आणून सोडते. पण जवारीचें भिंग तिच्यापुरतें धुरकटलें आहे. डॉक्टरांनीं कानांत घालण्याचें यंत्र दिलें. तें माणसांच्या बोलण्यासाठीं बेतलेलें असल्यामुळें तंबोऱ्याच्या अखंड नादाला तें स्वतःचीच शिटी समजतें व दाबूं पाहतें, त्यामुळें नाद मधूनच थरथरतो. अक्का गाण्याच्या वेळीं तें काढून डबींत ठेवते.

प्रथम हें ध्यानांत आलें तें तिच्या नातीच्या. ती चौदा वर्षांची आहे व आजीपाशींच शिकते. आजी तंबोरा लावून पाणी पिण्यास उठली कीं ही पोर मणी कणभर सरकवी आणि पुन्हां मांडी घालून बसे. असें किती दिवस चाललें असेल कोण जाणे. आम्ही तें पाहिलें होतें. घरांतल्या आणखी दोघांनीं पाहिलें होतें. बोललें कोणी नाहीं. ज्या बाईनें साठ वर्षें गांवांतल्या मुलींना हेलकावा ऐकावयास शिकविलें तिला तो आतां ऐकूं येत नाहीं हें सांगण्याचें धैर्य कोणीं करावें? आमच्या पुतण्यानें व्यवहाराचा मार्ग सुचविला: विजेचा तंबोरा. बंगळूरच्या राज नारायण यांनीं १९७९ सालीं असें यंत्र बनविलें, आणि आतां तर तें मोबाईलांत फुकट येतें. षड्ज कोणता, पहिली तार पंचमाची कीं मध्यमाची, एवढें सांगितलें कीं रात्रंदिवस वाजत राहील. उन्हाळा नाहीं, पावसाळा नाहीं, खडू नाहीं. आम्ही या यंत्राचे शत्रु नव्हों. परगांवीं जाणाऱ्या गवयाची त्यानें मोठीच सोय केली, आणि ज्यांच्या खोलींत तंबोरा उभा ठेवण्यास कोंपरा नाहीं अशा मुलांना त्यानें आधार दिला. पण त्यांतली जोड कधीं तुटत नाहीं, म्हणून ती जुळतांनाही कोणाला ऐकूं येत नाहीं. लागलेला तंबोरा ऐकणें निराळें आणि तंबोरा लागतांना ऐकणें निराळें. अक्काच्या घरांत मुली शिकत आल्या तें दुसरें. वारकऱ्यांच्या सप्ताहांत वीणा आठ दिवस जमिनीवर टेकवीत नाहींत, एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत घालतात. तेथें ध्वनिफीत लावून ठेवली असती तर पहाऱ्याला उभें राहण्याचे कष्ट वांचले असते, हें खरेंच आहे.

शेवटीं प्रश्न सोडविला अक्कानेंच. एके दिवशीं ती पाणी पिण्यास उठली ती दारांतच उभी राहिली. नातीचा हात मण्यावर होता. पोर घाबरली. अक्का परत येऊन बसली, तंबोरा मांडीवर घेतला, आणि म्हणाली, "आतां तूं ऐक. मी फिरवतें." तेव्हांपासून त्या दोघी मिळून तंबोरा लावतात. खर्ज आणि पंचम अक्काचे. जोडींतली पहिली तारही तिची. दुसरी तार आली कीं तिचा डावा तळवा तबलीवर पसरतो, उजवा हात मण्यावर जातो, आणि नात भोपळ्याशीं वांकून डोळे मिटून सांगत राहते: "आहे... आहे... आहे... गेला." कधीं मधेंच "आजी, पुढें गेलीस" असें म्हणते, आणि अक्का मणी पाव केंस मागें घेते. साठ वर्षांच्या संवयीचे ते हात इतके हलके आहेत कीं पोरीला एकटीला जें काम दहा मिनिटांचें होई तें दोघींना दोन मिनिटांत होतें.

अडचण येथें संपली असें आम्हांस वाटलें होतें. पण खरी अडचण घोडीची निघाली. तारांच्या घासण्यानें घोडीच्या माथ्यावर बारीक खांचा पडतात, आणि मग दोरा कितीही सरकविला तरी जवारी बोलत नाहीं. माथा पुन्हां घांसून काढावा लागतो, आणि तें काम मिरजेचेंच. गेल्या खेपेस तें झालें त्याला अकरा वर्षें झालीं. हें काम करतांना कारागीर घांसतो, तार चढवितो, छेडतो, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो. जवारी किती खुली ठेवावी, किती गोल, हें त्यानें ठरवावयाचें नसतें. दर खेपेस तें अक्का ठरवी. तिला या तंबोऱ्याचा नाद कसा असावा हें ठाऊक आहे, पण तो आतां तिला ऐकूं येणार नाहीं. नातीला ऐकूं येईल, पण गेल्या खेपेस ती तीन वर्षांची होती. ताज्या जवारीचा हा तंबोरा तिनें जाणतेपणीं ऐकलेलाच नाहीं. एक जुनी कॅसेट घरांत आहे, तिच्यांत तंबोऱ्यापेक्षां पंख्याची घरघर अधिक.

दिवाळीनंतरचीं तिकिटें काढलीं आहेत. गवसणीला नवा बंद लावून झाला. सध्यां संध्याकाळीं शिकवणी आटोपली कीं दोघींची उजळणी चालते. अक्का आठवून आठवून सांगते: खुली हवी, पण पत्र्यासारखी नको, खर्ज छेडल्यावर गांधार लगेच येऊं नये, एक श्वास थांबून यावा, जोड भुंग्यासारखी गुणगुणावी, माशीसारखी नव्हे. नात तिला उलट विचारते, "माशी म्हणजे कशी, आजी? करून दाखव." अक्का तोंडानें करून दाखविते, आणि तें ऐकून दोघीही हंसूं लागतात. कारागिराला काय सांगावयाचें तें पोरीनें एका वहींत लिहून ठेवण्यास आरंभ केला आहे. काल आम्ही ती वही उघडून पाहिली. तिच्यांत आतांपर्यंत पांच वाक्यें आहेत आणि त्यांतलीं तीन खोडलेलीं आहेत.